ठेव नावाचं कर्ज

बेळगावात क्रेडिट सोसायट्यांच्या कन्नड पाट्यांवर ‘ठेवणी’ हा शब्द हटकून असतो. मराठी की कन्नड यावरून या भागात एवढं रामायण झालं, पण पैसे ठेवायची वेळ आली की दोन्ही भाषांना एकच शब्द पुरला. माझी तक्रार आहे ती याच शब्दाबद्दल. ‘ठेव’ म्हटलं की कोनाड्यात, फडताळात किंवा ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली वस्तू डोळ्यांसमोर येते. जिथं ठेवली तिथंच असणारी.

कणकुंबीची माझी आत्या याच अर्थानं पैसे ठेवते. काजूचे पैसे हातात आले की बसनं जांबोटीवरून खानापूर गाठायचं, पैसे भरायचे, पावती पदराला बांधून परत यायचं. मी गावी गेलो की पहिला प्रश्न ठरलेला: “माझे पैसे जाग्यावर हाईत न्हवं?” मी “हाईत” म्हणतो. खरं म्हणजे ते जागेवर नसतात.

हे समजायला ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या 1946च्या चित्रपटातला एक प्रसंग पुरेसा आहे. फ्रँक काप्राचा हा चित्रपट अमेरिकेत घरोघरी नाताळात लावतात. आपल्याकडच्या गृहतारण सोसायटीसारखी एक छोटी संस्था जॉर्ज बेली चालवतो. मंदीचे दिवस असतात. अफवा उठते, सभासद काउंटरवर गोळा होतात आणि प्रत्येकाला आपले पैसे आत्ताच्या आत्ता हवे असतात. तिजोरीत तेवढे नसतात. नियमाप्रमाणे 60 दिवस थांबायचं असतं, पण थांबणार कोण? तेव्हा जॉर्ज त्यांना सांगतो की तुमचे पैसे इथं नाहीतच, ते या शेजाऱ्याच्या घरात आहेत, त्या बाईच्या घरात आहेत. म्हणजे एकाच्या ठेवीतून दुसऱ्याच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. भिंती काही एका रात्रीत विकून नोटा करता येत नाहीत.

बँकिंगवरची जाडजूड पुस्तकं मला एवढं सांगू शकली नव्हती. ठेव म्हणजे आपण बँकेला दिलेलं कर्ज. व्याज मिळतं ते म्हणूनच. नुसतं सांभाळायला दिलं असतं तर उलट आपणच भाडं भरलं असतं, लॉकरचं भरतो तसं. ठेवीचं नदीसारखंच आहे: उगमाच्या कुंडात दिसते तेवढीच काही मलप्रभा नसते. कणकुंबीला उगम पावून ती पार सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात साठते आणि तिथून रानोमाळ जाते. ही उपमा मात्र इथंच सोडलेली बरी, कारण परत कणकुंबीला यायचं नदीनं कबूल केलेलं नसतं आणि कर्जदारानं केलेलं असतं.

पुढची गंमत अशी की जॉर्ज लग्नानंतरच्या प्रवासासाठी ठेवलेले 2,000 डॉलर काउंटरवर वाटायला काढतो. पहिला माणूस हट्टानं आपले सगळेच्या सगळे 242 डॉलर मागून घेतो. मग एकेक जण नरमतो, आणि एक बाई तर फक्त साडेसतरा डॉलर मागते. दार बंद होतं तेव्हा दोन डॉलर उरलेले असतात, आणि ते नवरा-नवरीसारखे मिरवत तिजोरीत नेले जातात.

बघताना डोळे पाणावतात, माझेही पाणावले. पण पाणी पुसून विचारायला हवं की ती संस्था वाचली कशानं? जॉर्जची कर्जं खरी होती, घरं खरी होती, हप्ते येत होते. त्या दिवशी कमी होती ती फक्त रोकड. अशा वेळी लोकांनी दम धरला तर संस्था तरते. कर्जंच बुडीत असतील तर कितीही दम धरा, मिळायचं काय? 2019च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला सहा महिन्यांत खात्यामागे फक्त 1,000 रुपये काढता येतील असं सांगण्यात आलं. तिथं एकाच बांधकाम समूहाकडे कर्जाचा मोठा हिस्सा अडकला होता. अशा ठिकाणी साडेसतरा डॉलर मागणाऱ्या बाईचा समजूतदारपणा काय कामाचा?

आपल्याकडे हा धडा अकोल्यानं फार आधी घेतला होता. 1960 साली तिथली लक्ष्मी बँक बुडाली, त्याच वर्षी केरळची पलाई सेंट्रल बँकही गेली. त्या धक्क्यातून ठेव विम्याचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1962 पासून ठेवीदाराला 1,500 रुपयांपर्यंत संरक्षण मिळालं. ही मर्यादा 1993 मध्ये एक लाख झाली, 2020 मध्ये पाच लाख. पाच लाख म्हणजे मुद्दल आणि व्याज धरून, एका माणसाला एका बँकेत. त्याच बँकेच्या खानापूर आणि बेळगाव शाखांत वेगवेगळं ठेवून दहा होत नाहीत.

आणि हा विमा बँकांचा आहे. पतसंस्था, मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी, किंवा आमच्याकडे गल्लोगल्ली दिसणाऱ्या सौहार्द पतसंस्था यांना तो लागू नाही. त्यातल्या कित्येक नेकीनं चालतातही, ते वेगळं. पण काउंटर तसाच, पासबुक तसंच, पाटीवर शब्दही तोच: ठेवणी.

परवा हे सगळं आत्याला सांगितलं. जॉर्जची गोष्ट तिला आवडली, नोटांच्या वरातीला हसली. मग उठून ट्रंकेतल्या तीन पावत्या आणल्या आणि चुलीपुढच्या उजेडात पसरल्या. दोन बँकेच्या निघाल्या. तिसरी कन्नडमध्ये होती, वर गुलाबी शिक्का.

“ही कुणाची गा?”

मी वाचून सांगितलं. सौहार्दची होती.

“तिथं दीड टक्का जास्त देतात म्हणून ठेवल्यात,” ती म्हणाली. दोन पावत्या घडी घालून ट्रंकेत गेल्या. तिसरी तिनं तशीच हातात धरली. “ह्यांनी माझे पैसे कुणाला दिल्यात, ते इच्यात लिवलंय काय?”