वीस दिवसांचा उशीर

खाऱ्या पाण्याची टाकी मांडली की पहिल्या संध्याकाळीच ती तयार झाल्यासारखी दिसते. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ विरघळलेलं, हीटर २५ अंशांवर लावलेला, पाणी नितळ. पोरं विचारतात, मासे कधी आणायचे? महिन्या-दीड महिन्याने, हे उत्तर त्यांना पटत नाही. मोठ्यांनाही पटत नाही, कारण दीड महिन्यानंतरही पाणी डोळ्यांना तेवढंच नितळ दिसणार असतं.

पण त्या पहिल्या दिवसाच्या पाण्यात मासा जगणं कठीण. तो कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. समुद्रात हा अमोनिया पांगतो आणि तो फस्त करणारे जीवाणूही तिथे जागोजाग असतात. नव्या टाकीत दोन्ही सोयी नाहीत. शिवाय समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्याच्या मानाने इथे तेवढ्याच अमोनियाचा जहाल हिस्सा दहापटीहून जास्त. म्हणून आधी जीवाणूंची वस्ती बसवायची. काही जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. शौकीन मंडळी याला ‘टाकी सायकल करणं’ म्हणतात.

लोक या थांबण्याला संयमाची परीक्षा समजतात. मला ते पटत नाही. १८७७ साली पॅरिसच्या श्लेझिंग आणि म्युन्त्झ यांनी वाळू-चुनखडीच्या थरातून सांडपाणी संथपणे झिरपवलं. वीस दिवस अमोनिया वरून जसा गेला तसाच खालून बाहेर आला. मग नायट्रेट दिसू लागलं. निव्वळ रासायनिक क्रिया असती तर तिला वीस दिवस थांबायचं कारणच काय? वाळू तीच, पाणी तेच. पुढे त्यांनी क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि क्रिया बंद पडली. आत कुणीतरी जिवंत आहे, हे आधी त्या उशिरानेच सांगितलं होतं. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्कीने झुरिकमध्ये हे जीवाणू वेगळे काढले, आणि ते इतके संथ का याचाही उलगडा होत गेला. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना कित्येक तास, कधी दिवसही लागतो. अमोनियातून मिळणारी ऊर्जा तुटपुंजी, आणि तेवढ्यावर कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं शरीर उभारायचं!

घाईवर बाजारात तोडगे आहेतच. बाटलीतले जीवाणू मिळतात. काही कामाचे असतात, काही नुसतंच पाणी. चालू टाकीतला दगड किंवा फिल्टरचा स्पंज आणून टाकणं जास्त भरवशाचं, विरजण लावल्यासारखं. फक्त हे दही एका रात्रीत लागत नाही. समुद्रातले जिवंत प्रवाळखडक आणायचा मार्ग आपल्याकडे बंद आहे, कारण खडक घडवणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. योग्यच आहे ते.

एक तोडगा मात्र मला मुळीच मंजूर नाही. डॅमसेल मासा काटक, म्हणून पूर्वी तोच पहिल्या दिवशी टाकीत सोडत. तो वाचला तर टाकी तयार. जीवाणूंना हवा असतो अमोनिया. तो अमोनियम क्लोराइडच्या चार थेंबांतून मिळतो, नाहीतर जाळीत बांधून सोडलेल्या कोळंबीच्या तुकड्यातून. त्यासाठी कुणाचे कल्ले भाजायची गरज नाही.

अमोनियाच्या चाचणीची नळी हिरवट होते आणि काही आठवड्यांनी पुन्हा पिवळी पडते. नायट्राइट त्याच्यामागून चढतं, उतरतं. खडकावर तपकिरी शेवाळाचा थर धरतो आणि टाकी बिघडली म्हणून नवखा घाबरतो. नायट्रेट तेवढं साठत राहतं. त्यातलं पुष्कळसं पाणी बदलून, बादलीनेच बाहेर काढावं लागतं.

दोन्ही आकडे शून्यावर आले तरी एक, फार तर दोन मासे आणावेत. वस्ती जेवढ्या अमोनियावर पोसली, तेवढीच असते. एकदम सहा मासे सोडले की अमोनिया पुन्हा वर चढतो, जीवाणू आपल्याच चालीने वाढायला लागतात, आणि या खेपेला मासे आत असतात.