चित्रकलेच्या पदवीला जायचे तर?

बारावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांत इंजिनीअरिंग, नर्सिंग, बी.कॉम. यांची चर्चा सुरू होते. एखादी मुलगी मध्येच म्हणते, ‘मला चित्रकला शिकायची आहे.’ घर गप्प होते. चार वर्षे बी.एफ.ए. करून पोट भरेल का, ही आईवडिलांची काळजी खोटी नाही. रंग महाग, पगाराची हमी नाही. (नाताळचा गोठा सजवायला मात्र आपण तिलाच बोलावतो!)

पण हा प्रश्न केवळ पैशाचा आहे का? निर्गमाच्या ३१व्या अध्यायात परमेश्वर बसालेलाला आपल्या आत्म्याने परिपूर्ण करतो, ते सोने, रूपे, लाकूड यांवर कसबाचे काम करण्यासाठी. पवित्र आत्म्याची दाने मोजताना आपण हे दान सहसा विसरतो.

गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) वैद्यकीय शिक्षण सोडून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तेथून शांतिनिकेतनात जाऊन अवनींद्रनाथ टागोरांचे शिष्य झाले. त्यांनी साडी नेसलेली मरियामाता रंगवली, तेव्हा स्वकीयांनीच नावे ठेवली. तरी ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून रंगवत राहिले. आज त्या चित्रांचा आपण अभिमान बाळगतो. डॉक्टरकी सोडली त्या दिवशी आपण त्यांना काय म्हटले असते?

कर्ज काढायचे की नाही, हे प्रत्येक घराने आपली ऐपत पाहून ठरवावे. ‘परवडत नाही’ असे सांगण्यात पाप नाही. ‘वाया जाशील’ हे म्हणणे मात्र वेगळे.