सद्हेतूची जबाबदारी

मुलांचे भले व्हावे म्हणून मनापासून केलेल्या कामातूनच त्यांचे नुकसान झाले, तर करणाऱ्याला दोष लागतो का? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ साली डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या कल्पनेतून एक उपक्रम सुरू झाला. मुले गुन्हेगारीकडे वळू नयेत, हा हेतू. ५०६ मुलांच्या सारख्याला सारख्या जोड्या लावल्या आणि नाणे उडवून प्रत्येक जोडीतला एक मुलगा समुपदेशकाकडे सोपवला. घरी भेटी, शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरे असे सरासरी पाच वर्षे चालले. संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी पुढे या मुलांचा माग काढून १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. बहुतेकांच्या मनात समुपदेशकांविषयी कृतज्ञता होती. तरीही पुन्हा पुन्हा गुन्हे करणारे, दारूच्या आहारी गेलेले आणि लवकर वारलेले मदत मिळालेल्यांतच जास्त निघाले.

असे का झाले, याचा एक धागा शिबिरांकडे जातो. वारंवार शिबिराला गेलेल्यांची गत सर्वांत वाईट झाली होती. संशोधक टॉमस डिशन यांनी अमेरिकेतच ओरेगॉनमध्ये किशोरवयीन मित्रांच्या गप्पा चित्रित करून तपासल्या. एकाने नियम मोडल्याची फुशारकी मारायची, दुसऱ्याने खळखळून हसायचे. ज्यांना असे हसू मिळत गेले, ती मुले पुढे अधिक बिघडली. अशा घोळक्यात बसलेला प्रेमळ कार्यकर्ता मुले दुरावू नयेत म्हणून स्वतःही हसतो. कोणाला कोणासोबत बसवावे, विषय कुठे वळवावा, हे नुसत्या मायेला उमगत नाही. ते शिकावेच लागते.

फळ आपल्या हाती नाही, असा गीतेचा दाखला यावर कोणी देईल. पण गीता फळाची आसक्ती सोडायला सांगते, परिणामाचा विचार नव्हे. अठराव्या अध्यायात परिणाम, हानी आणि स्वतःची कुवत न पाहता मोहाने आरंभलेल्या कर्माला तिने तामस म्हटले आहे. आपुलकी वर्गात शिकवता येत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून तर आपुलकी असलेल्यांनाच प्रशिक्षण द्यायचे. त्याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या 'डेअर' या व्यसनविरोधी कार्यक्रमात पोलिसांना रीतसर प्रशिक्षण मिळत होते, तरी मुलांच्या व्यसनांवर त्याचा परिणाम नगण्यच दिसला. मात्र ते प्रशिक्षण ठरलेले धडे शिकवण्याचे होते. समोरच्या मुलात काय घडते आहे हे पारखण्याचे नव्हते.

सुट्टीत शिबिरे भरवणाऱ्या आपल्याकडच्या संस्थांना विनंती आहे: पुढचे अंदाजपत्रक मांडताना तंबू-जेवणाच्या आधी कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाची रक्कम लिहा, आणि शिबिरानंतर मुलांचे काय झाले याची नोंद काही वर्षे तरी ठेवा.