खोक्यावर नसलेले नाव



कुरिअरवाला दारात खोके देऊन जातो. त्यावर आपले नाव असते, पत्ता असते, कोरेगावचा ४१५५०१ हा पिनकोड असतो. ज्याने ते खोके भरले त्याचे नाव मात्र कुठेच नसते. आज त्या नसलेल्या नावाविषयी थोडे चिंतन करू या.

आपण मोबाईलवर मागणी नोंदवतो, तेव्हा भिवंडीसारख्या ठिकाणच्या गोदामात ती कुणाच्या तरी हातातल्या यंत्रावर उमटते. तो मुलगा किंवा ती मुलगी रॅकपर्यंत चालत जाते, वस्तू काढते, बारकोड तपासते. पुढच्या टेबलावर दुसरे कुणी ती खोक्यात घालून चिकटपट्टी लावते, पत्ता डकवते. मग पिनकोडप्रमाणे खोकी वेगळी होऊन गाडीत चढतात. हे सारे उभ्याने आणि चालत. कुणी किती वस्तू काढल्या याचा हिशेब यंत्रच ठेवते.

निर्गमच्या पाचव्या अध्यायात असाच एक हिशेब आहे. विटा पाडणाऱ्या इस्राएली लोकांनी देवाच्या उपासनेसाठी मोकळीक मागितली. तेव्हा फारोने त्यांना मिळणारा पेंढा बंद केला. पेंढा त्यांनीच गोळा करायचा, विटांची संख्या मात्र तीच! फारोला विटा दिसत होत्या, माणूस दिसत नव्हता. देवाला माणूस दिसला आणि त्याचा आक्रोश ऐकू आला.

ही गोष्ट जुनी झाली असे समजू नका. २०२४ च्या उन्हाळ्यात हरियाणातील मानेसरच्या एका मोठ्या गोदामातून बातमी आली. ठरलेल्या गाड्यांतला माल उतरेपर्यंत पाण्यासाठी किंवा लघवीसाठी थांबणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावली होती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

आपल्या सातारा जिल्ह्याला हे दुःख परके नाही. इथली किती माणसे मुंबईच्या गोदामांत पोती वाहत राबली! पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. कामगाराची मंडळाकडे नोंदणी झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्यनिर्वाह निधी आला. ओझे तेच राहिले; पण ते वाहणाऱ्याचे नाव नोंदवहीत लागले.

ख्रिस्तसभाही हेच शिकवत आली आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांच्या हक्कांविषयी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक काढले. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी त्यांचे स्मरण ठेवूनच लिओ चौदावे हे नाव घेतले. वस्तूला किंमत असते; माणसाला प्रतिष्ठा असते. किंमत कमीजास्त होते, प्रतिष्ठा होत नाही, कारण ती देवाच्या प्रतिमेतून आली आहे.

मग आपण काय करावे? उद्या चालणारी वस्तू आजच हवी असा हट्ट धरू नये. दारात आलेल्याला पाणी विचारावे. दुकानात, शेतात आपल्या हाताखाली माणसे असतील तर त्यांची मजुरी थकवू नये आणि त्यांना नावाने हाक मारावी. ज्यांची मुले पुण्या-मुंबईकडे अशा कामावर आहेत, त्यांनी पगाराबरोबर पाठीची आणि जेवणाचीही चौकशी करावी. आणि तरुणांनो, पगाराची पावती आणि निधीचा क्रमांक जपून ठेवा. हक्क मागणे हे पाप नव्हे. त्याचबरोबर काचेची वस्तू कुणी पाहत नसतानाही जपून बांधा. थोडक्यात विश्वासू असणाऱ्याची किंमत आपला प्रभू जाणतो. तो स्वतः नासरेथच्या सुताराच्या घरात वाढला.

पुढचे खोके उघडण्यापूर्वी क्षणभर थांबू या. ते बांधणाऱ्या अनोळखी हातांसाठी एक 'नमो मरिया' म्हणू या. ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, ते देवाला ठाऊक आहे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू