दोघांचा वानप्रस्थ

गृहस्थाने घर केव्हा सोडावे, याविषयी मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात जी व्यवस्था सांगितली आहे ती सर्वांना ठाऊक आहे: अंगावर सुरकुत्या आल्या, केस पिकले आणि मुलाचे मूल दृष्टीस पडले, म्हणजे गावातले अन्न व घरातला सारा परिग्रह टाकून वनाची वाट धरावी. परंतु या आज्ञेला जोडूनच स्मृतिकाराने जो विकल्प ठेवला आहे, त्याची चर्चा कीर्तना-प्रवचनांतून मी फारशी ऐकलेली नाही. पत्नीला मुलांच्या स्वाधीन करून जावे, किंवा तिला बरोबर घेऊन जावे, असे दोन मार्ग तेथे आहेत, आणि त्यांपैकी श्रेष्ठ कोणता याचा निवाडा त्या ठिकाणी केलेला नाही. एकान्त हेच जर वनवासाचे प्रयोजन असेल, तर जिच्या सहवासात सारे आयुष्य गेले तिलाच बरोबर नेल्यावर एकान्त कोणता उरला? आणि तिला मागे ठेवून जो एकान्त मिळवायचा, त्याचे मोल कोणाच्या पदरातून द्यायचे?

हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी राहिला नाही, याचे कारण गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता पाठीवर ओझे बांधून चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, सह्याद्रीच्या माथ्यावर पायी जाऊन आलो. जामसंड्यासारख्या गावातून उन्हाळ्यात घर सोडून निघणे ही सामान्य गोष्ट नव्हे. शहरातल्या माणसाचा उन्हाळा सुटीचा असतो. आमचा तो हंगामाचा. झाडावरून आंबा उतरवणे, अढी घालणे, पेट्या भरणे, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांची ऊठबस करणे, यांत चैत्र-वैशाख केव्हा सरतात ते कळत नाही. आणि वाशीच्या बाजाराला शेवटची पेटी रवाना झाली की मृगापूर्वी घराची शाकारणी, लाकूडफाटा व तरव्याची तयारी दारात उभी असते. या दोन कामांच्या मधल्या अरुंद फटीत आम्ही निघालो, तेव्हा शेजारच्या एका वृद्ध काकींनी पायरीवर बसूनच विचारले, “रानात जावन काय गावतला तुमका?” हा प्रश्न थट्टेचा नव्हता. ज्यांच्या आईआज्यांनी लाकडाच्या मोळीसाठी रान तुडवले, त्यांना विनाकारण रानात जाणारी माणसे समजू नयेत हे योग्यच आहे. मी त्यांना त्या वेळी काही उत्तर देऊ शकलो नाही. आज देऊ लागलो तर असे म्हणेन, की रान आपल्याला काही देत नाही, ते आपल्याजवळचे काढून घेते, आणि काढून घेतल्यावर काय शिल्लक राहते ते पाहण्यासाठी तेथे जायचे असते.

सांगली, सातारा, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सरहद्दी जेथे सह्याद्रीच्या धारेवर एकत्र येतात, तेथे हे अरण्य पसरले आहे. 1985 साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले, 2004 साली त्याच्या 317.67 चौरस किलोमीटर क्षेत्राला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, 2010 मध्ये कोयना अभयारण्यासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि 2012 मध्ये पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारसा म्हणून स्वीकारली गेली त्यांत त्याचा समावेश झाला. पाथरपुंजाजवळ उगम पावणारी वारणा याच रानातून वाहत वसंतसागराच्या जलाशयाला मिळते. देशावरचे पर्यटक मणदूरच्या बाजूने वाहनांतून आत शिरतात. आम्ही कोकणातली माणसे असल्यामुळे नांदगावच्या तिठ्यावरून महामार्गाने उत्तरेकडे संगमेश्वर गाठले, आणि तेथून शृंगारपूर. संभाजी महाराजांच्या राणी येसूबाई यांचे हे माहेर. गावाच्या डोक्यावर प्रचितगड उभा आहे आणि तो उद्यानाच्या हद्दीत येतो. वनखात्याचा परवाना, बरोबर गावातला वाटाड्या आणि सूर्यास्तापूर्वी खाली येण्याची अट, असा सगळा बंदोबस्त असल्यामुळे आमची राहुटी हद्दीबाहेर, पायथ्याच्या एका मळ्यात, मालकाच्या परवानगीने पडली. बरोबर उकडा तांदूळ, कुळथाची पिठी, आमसुले आणि सांडगी मिरची एवढीच शिदोरी होती. वानप्रस्थाने ग्राम्य आहार टाकावा ही आज्ञा आमच्याकडून पाळली गेली असे म्हणवत नाही. मात्र चुलीपुढे बसून जेवण शिजवण्याचे काम आयुष्यात प्रथमच माझ्याकडे आले होते.

प्रचितगडाची चढण उभी आहे. पहिल्या टप्प्यातच बोलणे बंद पडले, कारण श्वास पुरेना. पत्नी पुढे, मी मागे, वाटाड्या कधी पुढे कधी दिसेनासा. वर कारवीचे आणि अंजन-जांभळीचे रान, कोठे शेकरूचे घरटे, कोठे वाळलेल्या चिखलात उमटलेला गव्याचा खूर, आणि शेवटी लोखंडी शिडी. परंतु मला सांगायचे आहे ते या चढणीविषयी नव्हे. संध्याकाळी खाली उतरून राहुटीपुढे बसल्यावर जे घडले त्याविषयी आहे. जेवण झाले, भांडी घासून झाली, आणि मग काहीही करायचे उरले नाही. घरी अशी वेळ येतच नाही. घरी आमचे बोलणे म्हणजे फवारणी, राखणदाराचा पगार, सोसायटीचा हप्ता, मुलांचे फोन, कोणाच्या लग्नाचा आहेर. या सगळ्या दप्तराच्या आधाराने दोन माणसे एका छपराखाली कित्येक वर्षे अत्यंत सुरळीत राहू शकतात आणि त्यालाच संसार म्हणतात. ते दप्तर तेथे नव्हते. कितीतरी वेळ आम्ही दोघेही गप्प होतो, आणि त्या शांततेत मला एका गोष्टीचे भय वाटले: की कामाचा विषय निघाला नाही तर आम्हांला एकमेकांशी बोलण्यासारखे काही उरलेले नसावे. तिलाही तसेच वाटले होते, हे तिने दुसऱ्या दिवशी सांगितले. तरीही आम्ही उठलो नाही. हळूहळू ते भय ओसरले, आणि मी तिच्याकडे, हातात काही काम नसलेल्या तिच्याकडे, स्वस्थपणे पाहू लागलो. असे मी तिला पूर्वी पाहिलेच नव्हते.

बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडून जाण्याच्या वेळी मैत्रेयीला जे सांगतात त्याचे तात्पर्य असे, की पती पतीसाठी प्रिय नसतो आणि पत्नी पत्नीसाठी प्रिय नसते. जे प्रिय वाटते ते आत्म्यासाठी. तरुणपणी हे वाचले तेव्हा मला ते निष्ठुर वाटले होते. दोन माणसांतल्या स्नेहाला स्वार्थाचे नाव देण्यासाठी उपनिषद कशाला हवे, असे मनात आले होते. त्या मळ्यातल्या रात्री त्याचा दुसरा अर्थ मला दिसला. घरात आपण ज्या ‘मी’साठी दुसऱ्याला प्रिय मानतो तो फार लहान असतो, त्याला वेळेवर चहा हवा असतो, हिशेब हवा असतो, दुखण्यात उशाशी कोणी हवे असते. उपयोगाचा हा सगळा व्यवहार थांबला आणि तरीही समोरचे माणूस प्रिय वाटले, तर ते ज्याला प्रिय वाटते तो कोणी मोठा असला पाहिजे. या मोठ्या ‘मी’ची ओळख एकट्याने गुहेत बसून होत असेल, परंतु सवयीचे माणूस शेजारी असताना ती होणे अधिक कठीण आणि म्हणून अधिक खात्रीचे आहे असे माझे मत झाले आहे. उपनिषदातील याज्ञवल्क्य मात्र उपदेश संपताच निघून जातात. मैत्रेयी त्यांच्याबरोबर गेली असे तेथे म्हटलेले नाही, आणि त्यांची दुसरी पत्नी कात्यायनी, तिला तर कोणी काही विचारलेलेच नाही.

महाभारताने याहून वेगळे चित्र ठेवले आहे. आश्रमवासिक पर्वात धृतराष्ट्र वनाला निघतो तेव्हा पुढे कुन्ती, तिच्या खांद्यावर हात ठेवून डोळ्यांना पट्टी बांधलेली गांधारी, आणि गांधारीच्या खांद्यावर हात ठेवून जन्मांध धृतराष्ट्र, अशी ती रांग हस्तिनापुरातून बाहेर पडते. मोक्षाच्या वाटेवर कोणी कोणाच्या खांद्यावर हात ठेवायचा नसतो, असे ज्यांचे म्हणणे असेल त्यांनी या रांगेकडे पुन्हा एकदा पाहावे. शेवटी वणव्यात ही तिन्ही माणसे एकत्रच जातात. आणि आपल्या जवळची गोष्ट घ्यायची तर तुकोबांची आहे. देहूजवळच्या भंडाऱ्या डोंगरावर ते नामस्मरणात बसत, आणि जिजाई भाकरी बांधून उन्हातान्हात तो डोंगर चढत असे, असे परंपरा सांगते. तुकोबांच्या एकान्ताचे आपण गोडवे गातो. तो एकान्त जिच्या पायांवर उभा होता, तिच्या त्या नित्याच्या चढणीला साधना म्हणण्यास आपण आजवर कचरत आलो. माझ्या पत्नीने शिडीखाली दम घेताना जिजाईचे नाव काढले, आणि मला त्यावर प्रतिवाद सुचला नाही.

येथवर सारे विवेचन आम्हां दोघांपुरते होते. दुसऱ्या दिवशी वाटाड्याबरोबर गडापलीकडच्या पठारावर थोडे आत गेलो, तेव्हा ते तसे राहिले नाही. सड्याच्या कडेला गर्द झाडी होती आणि तिच्यात फणसाची व आंब्याची जुनी झाडे, ओळीने लावलेली. पुढे दगडी जोती दिसली, आणि एका जोत्यापुढे तुळशीवृंदावन, माथ्यावर गवत उगवलेले. हे उठलेले गाव होते. ज्या निर्मनुष्य अरण्याची आम्ही कालपासून मनोमन वाखाणणी करीत होतो, ते पूर्वी निर्मनुष्य नव्हते. गोठणे, झोळंबी यांसारखी कित्येक गावे अभयारण्यासाठी आणि धरणासाठी येथून हलवण्यात आली. पत्नी वृंदावनापाशी थांबली आणि म्हणाली, “अहो, हेंनी आपलो देव खंय न्हेल्यानी?”

कोकणातल्या माणसालाच हा प्रश्न सुचावा. आमच्या जामसंड्यात दिर्बादेवी आणि रामेश्वर ही केवळ देवळातली दैवते नाहीत. गावाची हद्द, मानकऱ्यांचे मान, शिमग्याची वाट, पेरणीपूर्वीचे गाऱ्हाणे, देवराईतल्या झाडाला हात लावावा की नाही याचा कौल, हे सर्व त्यांच्या त्या विशिष्ट जागी असण्यावर उभे आहे. कुटुंब हलते, तेव्हा देवघरातले टाक पेटीत घालून नेता येतात. ग्रामदेवतेला पेटी नसते. पाषाण उचलून नेला तरी ज्या ओहोळावर आणि ज्या राईवर तिची सत्ता होती ते मागेच राहतात. मग पुनर्वसनाच्या सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव चढते, त्याप्रमाणे देवाचे नाव कोणत्या कागदावर चढते?

आणि येथे माझ्या वानप्रस्थाच्या साऱ्या विचाराला एक नवी बाजू आली. त्यागाचे पुण्य शास्त्राने त्यालाच दिले आहे जो स्वेच्छेने सोडतो. आम्ही घर सोडले ते परत येण्यासाठी आणि आमच्या मर्जीने. या गावातल्या दंपतींनी घर सोडले ते सरकारी हुकुमाने आणि कायमचे. ग्राम्य परिग्रह टाकून जाणे हे जर तप असेल, तर त्यांचे तप आमच्याहून शतपटीने मोठे. तरीही त्याला धर्मग्रंथांत नाव नाही, कारण ते वनातून गावाकडे झाले. वाघ-गव्यांना जागा हवी, हे मला मान्य आहे. या रानात उगम पावणाऱ्या नद्यांवर खालचे सारे जीवन चालते, आणि ते रान राखण्यासाठी कोणालातरी काहीतरी सोडावे लागणार हेही मी नाकारीत नाही. परंतु ज्याने सोडले त्याच्या सोडण्यावर माझा एकान्त उभा आहे, एवढे जाणल्यावाचून त्या एकान्ताला आध्यात्मिक म्हणण्याचा अधिकार मला पोहोचत नाही. मोक्षाकडे मन लावण्यापूर्वी ऋणे फेडावीत असे मनूने स्पष्ट सांगितले आहे. सामान्यतः आपण देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशी तीन मोजतो. शतपथ ब्राह्मणाने चौथे सांगितले आहे, ते मनुष्यांचे. वानप्रस्थालाही पंचमहायज्ञ सुटलेले नाहीत, आणि त्यांत अतिथीचा सत्कार आहे. या पठारावर अतिथी आम्हीच होतो, आणि यजमान मात्र तेथे नव्हते.

परतताना यावर आमचा बराच वाद झाला. माझे म्हणणे असे, की पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा यावे आणि त्या गावाच्या जागी काही काळ बसावे, तेवढे स्मरण पुरे आहे. पत्नीला ते पटले नाही. जोत्यांपुढे बसून उठून गेलेल्या माणसांचे स्मरण करणे हे तिला अर्धवट वाटले. ती माणसे हयात आहेत, मग दगडांशी का बोलावे, असे ती म्हणाली. गोठण्याचे पुनर्वसन संगमेश्वर तालुक्यातच झालेले आहे, म्हणजे आमच्या वाटेपासून ते दूर नाही. पुढच्या वेळी आधी तेथे जायचे, तिथल्या बायकांना देवाचे काय झाले ते विचारायचे, त्यांचे जे काही सांगणे असेल ते ऐकायचे, आणि त्यानंतर परवान्याचा अर्ज करायचा की नाही ते ठरवायचे, असे तिने ठरवले आहे. आंब्याची एक पेटी त्यांच्यासाठी वेगळी काढण्याचेही तिने आताच सांगून ठेवले आहे.