साडेचार इंची शेजार

नाशिककराने आवाजाबद्दल तक्रार करणं म्हणजे हलवायाने मधुमेहावर व्याख्यान देण्यासारखं आहे. आमचा ढोल पार केरळात पोहोचला. तिथे फुटबॉल, लग्न, निवडणूक, काहीही असो, जो दणका उठतो त्याला तिकडची मंडळी 'नासिक ढोल' असंच म्हणतात. द्राक्षांखालोखाल निर्यात झालेली ही आमची दुसरी वस्तू. तरीही मी तक्रार करणार आहे. ढोलाचं एक बरं असतं, तो वाजतो आणि पुढच्या चौकात जातो. शेजारी कुठे जातो?

आमच्या सोसायटीत दोन फ्लॅटमधली भिंत साडेचार इंचांची आहे. म्हणजे अर्धी वीट आणि वर गिलाव्याचं पांघरूण. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या भिंती अशा जाड, की त्यांच्या पोटात कोनाडे आणि फडताळं मावायची. आमच्या भिंतीत खिळा ठोकला तर तो शेजाऱ्यांना टॉवेल अडकवायला उपयोगी पडतो. शास्त्र म्हणतं, आवाज अडवायचा तर भिंतीला वजन हवं. वजन दुप्पट केलं की आवाज पाच-सहा डेसिबलने उतरतो. पण वजन म्हणजे विटा, विटा म्हणजे पैसा, आणि जाड भिंत म्हणजे कार्पेट एरिया कमी. वरच्यांनी खुर्ची ओढली तर तेही शास्त्र संपलं, तो आवाज स्लॅबमधूनच डोक्यात उतरतो. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ध्वनिरोधनावर खास विभाग आहे, पण ती शिफारस. शिफारस आणि मंजुरी यांतलं अंतर बँकेतल्या माणसाला कुणी सांगायला नको.

बंधनकारक आहेत ते २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. आकडा दिसला की बी.कॉम. झालेल्या माणसाला जरा धीर येतो. पण हे गणित निराळंच. ५० डेसिबलचा एक शेजारी आणि ५० डेसिबलचा दुसरा शेजारी मिळून १०० होत नाहीत, ५३ होतात! अशी बेरीज आमच्या लेजरमध्ये कुणी केली असती तर त्याची चौकशी लागली असती.

शिवाय हा सगळा कायदा मोठ्या आवाजांचा. माझी अडचण लहान आवाजांची. शेजारचे आप्पा रात्री किती वेळा खोकले, ते मला त्यांच्या डॉक्टरांपेक्षा नेमकं माहीत असतं. पलीकडच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, ते आम्हाला तिच्या मावशीच्या आधी कळलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तिचे वडील भेटले. मी म्हटलं, "काय म्हणताय?" ते म्हणाले, "मजेत!" मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. ऐकलेलं न ऐकल्यासारखं वागणं हीच फ्लॅटमधली सभ्यता. याला कुणी ढोंग म्हणेल. म्हणो बापडा. झाकण्याचं काम भिंत करत नसेल तर ते माणसाने करायला हवं.

प्रश्न एवढाच, की कुठपर्यंत?

चौथ्या मजल्यावर एक जोडपं राहायला आलं. रात्री भांडण व्हायचं. भांड्याला भांडं लागायचंच, असं म्हणून आम्ही कूस बदलायचो. एका रात्री मात्र जो आवाज आला तो भांड्याचा नव्हता, हे साऱ्या इमारतीला कळलं. तीन मजल्यांवरचे टीव्ही एकदम मोठे झाले.

आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू हातात वाटी घेऊन जिना चढल्या. या काकू म्हणजे सोसायटीच्या डेसिबल खात्याच्या प्रमुख. दहा वाजून एक मिनिटाने कुणाचा मिक्सर फिरला तर ११२ ला फोन करण्याची धमकी देणाऱ्या. त्यांनी बेल दाबली आणि दार उघडेपर्यंत बोट काढलं नाही.

"थोडं विरजण मिळेल का हो? दूध कोमट झालंय, आत्ताच लावायला हवं. तुम्हाला नाही सापडायचं, तिलाच बोलवा."

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ती बाहेर आली, विरजण दिलं, काकू तिथेच अर्धा तास बोलत बसल्या. दुसऱ्या रात्री लिंबू मागायला गेल्या. तिसऱ्या रात्री वाटीसुद्धा नेली नाही.

२००८ साली 'बेल बजाओ' नावाची मोहीम निघाली होती. जाहिरातीत असं काही कानावर आलं की कुणी चेंडू, कुणी दूध मागायच्या निमित्ताने बेल वाजवायचा. काकूंनी ती पाहिली असेल-नसेल. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात चौथं कलम आहे, ते त्यांनी नक्कीच वाचलेलं नाही. असं घडतंय असं वाटण्यास कारण असेल तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवावं, आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर कसलंही दायित्व नाही. म्हणजे एक कायदा म्हणतो, तुला ऐकू येता कामा नये. दुसरा म्हणतो, ऐकू आलंच असेल तर सांग. भिंत एकच, साडेचार इंचांची. ती नऊ इंची असती तर काकूंचं विरजण फ्रीजमध्येच राहिलं असतं.

गेल्या महिन्यात मी आप्पांच्या बाजूच्या भिंतीला जिप्सम बोर्ड आणि मागे रॉकवूल बसवण्याचं कोटेशन आणलं. खोली तीन-चार इंच आत येईल, पण खोकला बंद. काकूंनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"छान आहे रे. पण आप्पा एकटे असतात. रात्री पडले-बिडले तर कळायचं कसं?"

कोटेशनची मुदत तीस तारखेला संपते. रात्री मी ते पुन्हा वाचत होतो, तेव्हा पलीकडे आप्पा दोनदा खोकले. मग बराच वेळ काही नाही. मी कागद ठेवून कान दिला. मग तिसऱ्यांदा खोकले.