संचयाची मर्यादा आणि गृहस्थाचे स्वातंत्र्य

केवळ पोटासाठी चाकरी करण्याची सक्ती उरणार नाही एवढी पुंजी गाठीशी असणे, याला आर्थिक स्वातंत्र्य म्हणतात. सामान्य नोकरदाराला ही पुंजी उभी करण्याचा मार्ग ठाऊक असतो. मिळकतीपेक्षा बराच कमी खर्च करायचा, शिल्लक रक्कम गुंतवायची आणि त्या गुंतवणुकीवर वर्षाचा खर्च भागू लागेपर्यंत हा क्रम मोडायचा नाही. वरवर पाहता हा हिशेबाचा विषय आहे. मात्र त्याच्या मुळाशी धर्मविचारातला एक जुना प्रश्न आहे: संचय माणसाला मोकळे करतो की बांधतो? भारतीय परंपरेने अर्थाला पुरुषार्थांत स्थान दिले आणि अपरिग्रहाला यमांत व महाव्रतांतही. काटकसर करून स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या गृहस्थाला या दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

आधी हिशेब पाहणे आवश्यक आहे, कारण तात्त्विक प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच दडलेले आहे. 1994 मध्ये विल्यम बेंगन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराने तिथल्या बाजारांच्या जुन्या आकडेवारीवरून एक निष्कर्ष मांडला. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी पुंजीच्या सुमारे 4 टक्के रक्कम काढली आणि पुढे दरवर्षी महागाईच्या प्रमाणात ती वाढवत नेली, तरी समभाग व रोख्यांत विभागलेली पुंजी किमान 30 वर्षे पुरते, असा तो निष्कर्ष होता. त्यावरून वार्षिक खर्चाच्या 25 पट पुंजी हा ठोकताळा रूढ झाला. तो अमेरिकेच्या इतिहासावर आणि 30 वर्षांच्या मुदतीवर बेतलेला आहे. भारतातली महागाई आणि लवकर निवृत्त होणाऱ्याचे पुढचे दीर्घ आयुष्य लक्षात घेता तो जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही हिशेबाची रचना समजून घेण्यासाठी तो उपयोगी आहे.

एका कुटुंबाची वार्षिक मिळकत 12 लाख रुपये आणि खर्च 9 लाख रुपये आहे असे धरले, तर बचत 3 लाख होते आणि 25 पटींच्या हिशेबाने उद्दिष्ट 2 कोटी 25 लाख ठरते. महागाई वजा जाता गुंतवणुकीवर 5 टक्के परतावा मिळत राहिला, तर तिथे पोचायला सुमारे 32 वर्षे लागतात. त्याच कुटुंबाने खर्च 6 लाखांवर आणला तर बचत दुप्पट होते आणि उद्दिष्टही दीड कोटीवर उतरते. मग सुमारे 17 वर्षे पुरतात. मिळकत एका रुपयानेही वाढलेली नाही. खर्चातली कपात दोन्ही बाजूंनी काम करते: साठा लवकर वाढतो आणि किती साठा लागेल याची रेघही खाली येते. याउलट मिळकत वाढली आणि तिच्या पाठोपाठ राहणीही त्याच प्रमाणात वाढली, तर पगार कितीही मोठा असला तरी स्वातंत्र्य पूर्वीइतकेच दूर राहते.

म्हणून या हिशेबात निर्णायक ठरतो तो गरजेचा आकडा. हेन्री डेव्हिड थोरो 1845 ते 1847 या काळात मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहिला आणि तिथल्या खर्चाचा ताळेबंद त्याने आपल्या पुस्तकात छापला. वस्तूची खरी किंमत ती मिळवण्यासाठी मोजाव्या लागणाऱ्या आयुष्यात असते, हे त्याचे प्रतिपादन होते. व्हिकी रॉबिन आणि जो डोमिंग्वेझ यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘युवर मनी ऑर युवर लाइफ’ या पुस्तकाने हाच विचार घरखर्चाच्या वहीत आणला. प्रत्येक खरेदीमागे कामाचे किती तास गेले हे मोजायला त्यांनी वाचकांना सांगितले. या दृष्टीने काटकसर म्हणजे आयुष्याचे तास परत मिळवणे. पण परत मिळालेले तास कोणत्या मर्यादेपाशी पुरेसे मानायचे, हे वही सांगत नाही. इथून पुढचा प्रदेश धर्मविचाराचा आहे.

भारतीय परंपरेने हा प्रश्न संन्यासी आणि गृहस्थ यांच्यासाठी वेगवेगळा हाताळला. भिक्षू, श्रमण किंवा यती यांनी उद्यासाठी काही राखून ठेवू नये हा नियम बहुतेक पंथांत सापडतो. गृहस्थावर मात्र मुलेबाळे, म्हातारे आईवडील, अतिथी आणि संन्यासी या सर्वांचा भार असतो. त्याने काहीच न साठवणे ही बेजबाबदारी ठरली असती. त्यामुळे गृहस्थधर्मात संचयाच्या पायऱ्या केलेल्या दिसतात. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मण गृहस्थाचे चार प्रकार आहेत: कोठीभर धान्य बाळगणारा, रांजणभर बाळगणारा, तीन दिवसांपुरते ठेवणारा आणि उद्यासाठीही न ठेवणारा. यांतला प्रत्येक पुढचा श्रेष्ठ मानला आहे, पण कोठी भरून ठेवणाराही धर्माच्या कक्षेबाहेर टाकलेला नाही.

बौद्ध परंपरेत गृहस्थाला दिलेला उपदेश अधिक व्यावहारिक आहे. पाली त्रिपिटकातल्या सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात घालण्यासाठी आणि चौथा आपत्काळासाठी राखून ठेवायचा. दीघजाणु नावाच्या गृहस्थाला केलेल्या उपदेशात कष्टाने मिळवणे, मिळवलेले जपणे, सज्जनांची संगत धरणे आणि मिळकत पाहून खर्च करणे, अशा चार गोष्टी येतात. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत धन असण्याच्या आणि ते भोगण्याच्या सुखाबरोबर ऋणमुक्ततेचे आणि निर्दोष आचरणाचे सुखही आहे. त्यांत निर्दोषतेचे सुख सर्वांत मोठे ठरवले आहे. घराच्या, गाडीच्या आणि मोबाइलच्या हप्त्यांत पगार आधीच वाटला गेलेल्या आजच्या कुटुंबाला ऋणमुक्तीचे हे सुख समजावून सांगावे लागत नाही.

तथापि संचय कुठे थांबवावा, या प्रश्नाला सर्वांत नेमके उत्तर जैन आचारशास्त्राने दिले. साधूसाठी अपरिग्रह हे महाव्रत आहे. श्रावकासाठी त्याचेच परिग्रह-परिमाण हे अणुव्रत केले आहे. गृहस्थाने सर्वस्व सोडायचे नाही, पण जमीन, घर, सोने-रुपे, पशुधन, धान्य, भांडीकुंडी यांची कमाल मर्यादा स्वतः ठरवायची आणि ती ओलांडायची नाही, असे या व्रताचे स्वरूप आहे.

उपासकदशांग या आगमग्रंथात याचे विस्तृत उदाहरण मिळते. वाणिज्यग्रामातला आनंद हा अतिशय धनाढ्य गृहस्थ होता. चार कोटींचा ठेवा, चार कोटी व्यापारात, चार कोटींची घरातली मालमत्ता आणि प्रत्येकी दहा हजार गुरांचे चार कळप, अशी त्याची संपत्ती ग्रंथात मोजून दिली आहे. महावीरांपाशी व्रत घेताना त्याने त्यातले काही टाकून दिले नाही. आहे त्याहून अधिक नको, एवढी रेघ आखली. उपभोगाच्या बाबतीत मात्र तो बारकाईत शिरला. दात घासण्यासाठी ओल्या ज्येष्ठमधाची काडी, स्नानाला ठरावीक आठ घडे पाणी, नेसायला सुती वस्त्रांची एक जोडी, पिण्यासाठी पावसाचे पाणी अशी एकेका वस्तूची मर्यादा त्याने ठरवली. चौदा वर्षे व्रते पाळल्यावर पंधराव्या वर्षी त्याने घरचा सारा कारभार थोरल्या मुलावर सोपवला आणि उरलेला काळ धर्मसाधनेत घालवला.

आनंदाच्या कथेतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मर्यादेचे मूल्य तिच्या लहानपणावर अवलंबून नाही. ती आधी ठरवलेली आहे आणि पाळली जाते, यात तिचे बळ आहे. दुसरी, मोघम साधेपणापेक्षा एकेका वस्तूचा केलेला निश्चय टिकतो. घरखर्चाची वही ठेवणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव येतो. तिसरी, मर्यादा घालणे ही तयारी होती. तिचा हेतू कारभारातून मोकळे होऊन अधिक मोलाच्या कामाकडे वळणे हा होता.

मर्यादेविना संचयाचे काय होते, याचाही विचार परंपरेने केला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही. वस्तूविषयीची मूर्च्छा, म्हणजे भान हरपवणारी आसक्ती, हाच परिग्रह असे तिथे म्हटले आहे. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीच्या माणसाचे वर्णन आहे. आज हे मिळवले, उद्या ते मिळवीन, याच हिशेबात तो गुंतलेला असतो. आर्थिक स्वातंत्र्याच्या वाटेवर हा धोका खरा आहे. दीड कोटीचे उद्दिष्ट गाठल्यावर अडीच कोटी अधिक सुरक्षित वाटू लागतात. खर्च टाळण्याची सवय आजारपणातही हात आखडता घेते. पैसा खर्चण्याची आसक्ती सुटते आणि तिच्या जागी पैसा मोजण्याची आसक्ती येते. तुकाराम महाराजांच्या परंपरागत चरित्रात वडिलोपार्जित सावकारीची कर्जखते वाटून घेतल्याचा आणि धाकट्या भावाचा हिस्सा त्याला देऊन स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवल्याचा प्रसंग येतो. ऋणको जसा बांधलेला असतो तसा धनकोही बांधलेला असू शकतो, हे या प्रसंगाचे तात्पर्य आहे.

महात्मा गांधींचा आक्षेप याहून मूलगामी आहे. 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या, ‘मंगल प्रभात’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या पत्रांत त्यांनी अस्तेय आणि अपरिग्रह एकमेकांशी जोडले. आज गरज नसलेली वस्तू साठवून ठेवणे ही त्यांच्या मते एक प्रकारची चोरीच होती. शरीरश्रमाचे व्रतही त्यांनी याच विचारात बसवले. या कसोटीवर व्याज आणि लाभांशावर जगणारा माणूस अडचणीत येतो, कारण त्याचा उदरनिर्वाह दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमातून येत असतो. विनोबांनी 1950 च्या सुमारास पवनारला केलेला कांचनमुक्तीचा प्रयोग याच विचाराचे टोक होता. पैसा साठवून पैशाच्या चिंतेतून सुटण्याऐवजी स्वतःच्या श्रमावर जगून पैशाचीच गरज कमी करण्याचा तो प्रयत्न होता.

हा आक्षेप पूर्णपणे खोडून काढता येत नाही, आणि काढूही नये. गुंतवणुकीवर जगणारा माणूस स्वयंपूर्ण नसतो. कारखान्यातले कामगार, कर्ज फेडणारी कुटुंबे आणि बाजाराची स्थिरता यांवर तो अवलंबून असतो. मात्र आजच्या नागर समाजात कामाची ताकद सरल्यावर प्रत्येकाला शेती किंवा आश्रम उपलब्ध नाही. म्हातारपणी मुलांवर किंवा परक्यांच्या दयेवर भार न टाकण्यासाठी केलेला संचय चोरीत मोडतो असे म्हणणे गृहस्थावर अन्याय करणारे आहे. गांधींनीच मांडलेली विश्वस्तवृत्ती इथे मधला मार्ग दाखवते. गरजेपुरते स्वतःसाठी वापरावे आणि उरलेल्याचा विश्वस्त म्हणून समाजासाठी विनियोग करावा.

दुसरा गंभीर आक्षेप समतेच्या बाजूने येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मधल्या ‘बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य’ या लेखात धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देऊ नये अशी अट घातली. ज्याच्यापाशी धन आहे त्याने त्याचा त्याग करणे वेगळे. दारिद्र्याचा गौरव करणे त्यांना मान्य नव्हते. काटकसरीच्या उपदेशाला ही अट सदैव लागू आहे. ज्या घरात सगळी मिळकत धान्य, भाडे आणि औषधांवर संपते, तिथे कपात करायला काही शिल्लकच नसते. अशा माणसाला निग्रहाचे धडे देणे म्हणजे कमी मजुरीचा दोष त्याच्याच माथी मारणे आहे. त्याला आधी रास्त वेतन, सरकारी दवाखाना आणि चांगली शाळा हवी. स्वेच्छेने आखलेली मर्यादा हे व्रत असते. परिस्थितीने लादलेली मर्यादा ही वंचना असते.

याच कसोटीवर कपातीची रीतही तपासावी लागते. घरकामाला येणाऱ्या बाईचा पगार अडवून, भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालून किंवा घरातल्या स्त्रीवर सगळे काम ढकलून केलेली बचत स्वतःच्या गरजा कमी करत नाही. ती आपला भार फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर देते. तसेच, स्वतंत्र झाल्यावर दान करू असे म्हणणाऱ्याला वीस वर्षांत दानाची सवय उरत नाही. म्हणून दानाचा वाटा पहिल्या दिवसापासून खर्चाच्या बाजूला धरलेला असावा. त्याने उद्दिष्ट थोडे लांबते, पण संचय करणाऱ्याचे मन आकसत नाही.

या सर्व विचारांचा निष्कर्ष असा की बचत स्वतः ना पुण्य आहे ना पाप. तिला तिची मर्यादा अर्थ देते. मर्यादा आधी ठरवली तर बचत मुक्तीचे साधन होते, कारण ती कुठेतरी पूर्ण होते. मर्यादा ठरवली नाही तर वाढत्या साठ्याबरोबर भीतीही वाढते आणि मालक तेवढा बदलतो: साहेबाच्या जागी पुंजी बसते. हिशेब आणि धर्मविचार या दोन्ही वाटांनी निघालेला गृहस्थ इथे एकाच ठिकाणी पोचतो. त्याने आपल्या गरजेचा आकडा प्रामाणिकपणे ठरवावा, तो दुसऱ्याच्या घामातून कापून काढू नये, त्यात इतरांचा वाटा ठेवावा आणि आकडा गाठल्यावर थांबावे. थांबणे म्हणजे काम सोडणे नव्हे. शिकवणे, आजाऱ्यांची सेवा, शेती, अभ्यास, साधना अशी जी कामे मोबदल्याकडे न पाहता करावीत असे त्याला आजवर वाटत होते, ती करण्याचा अधिकार त्याने कमावलेला असतो. तो अधिकार वापरला तरच इतक्या वर्षांच्या काटकसरीचे सार्थक होते.